पन्नास हजार वर्षांचा खलनायक

डोक्यावर पातेलं घालून गुंडांशी मारामारी करणारी बाई तुम्ही कधी बघितली आहे का? मी बघितली आहे, आणि तीही माझ्याच मुलाच्या कपाटात. बाई अमेरिकेतली. किराणा दुकान चालवणारी, दणकट बांध्याची, लेकुरवाळी. मा हंकेल तिचं नाव. आपल्या गल्लीतल्या गुंडांचा बंदोबस्त करायला कुणी येत नाही म्हटल्यावर तिनं अंगभर लाल कपडा चढवला, स्वयंपाकघरातलं पातेलं डोक्यावर पालथं घातलं आणि ‘रेड टोर्नेडो’, म्हणजे लाल वावटळ, होऊन ती बाहेर पडली. बघता यावं म्हणून त्या पातेल्याला डोळ्यांच्या जागी दोन भोकं पाडलेली. आपल्या पातेल्याला भोक पडलं तर चार दिवस जीव हळहळतो. हिनं मुद्दाम पाडली! शेल्डन मेयर नावाच्या चित्रकारानं ही बाई काढली आणि १९४० साली तिला लाल वावटळ केलं.

मुलगा बंगळूरला नोकरीला गेला, पण त्याचं कॉमिक्सनं भरलेलं कपाट इथंच राहिलं. रद्दीवाला दारात आला की मी फोन करते आणि तो तिकडून ओरडतो, “आई, हात लावू नकोस त्याला. टाकायच्या आधी एकदा वाच तरी.” मग मी वाचायला घेतलं. दुपारची भांडीकुंडी आवरली, संध्याकाळच्या स्वयंपाकाला अजून अवकाश आहे, अशा वेळी चष्मा लावून बसायचं. आमच्याकडे दिवेलागणीच्या आत जेवणं उरकतात, त्यामुळे हा अवकाश तसा लहानच. पण कॉमिकला तेवढा पुरतो.

कॉमिक मला अगदीच परकं नव्हतं. आमच्या लहानपणी इंद्रजाल कॉमिक्स मराठीत यायचं. वेताळ आणि जादूगार मँड्रेक आम्हा भावंडांच्या ओळखीचे. एक अंक आणि पाच जणं, त्यामुळे थोरली वाचणार आणि बाकीचे तिच्या खांद्यावरून बघणार. पान उलटायचा अधिकार तिचा. पण त्या गोष्टींत वेताळ एकटा असायचा, मँड्रेकही आपल्या जागी. मुलाच्या कपाटात मला पहिल्यांदा दिसलं की या मंडळींची संघटनाही असते. सभा असते, सभासद असतात आणि चिटणीसही असतो.

या संघटनेचं नाव ‘जस्टिस सोसायटी ऑफ अमेरिका’. ‘ऑल स्टार कॉमिक्स’ नावाच्या अंकमालेचा तिसरा अंक १९४० च्या हिवाळ्यात निघाला, त्यात ही मंडळी पहिल्यांदा एकत्र आली. लेखक गार्डनर फॉक्स. यात वाऱ्यासारखा पळणारा फ्लॅश आहे, जादूची अंगठी घातलेला ग्रीन लँटर्न आहे, पंख लावून उडणारा हॉकमन आहे, आणखीही पाच जण आहेत. मला वाटलं, आता आठ जण मिळून कुणाला तरी झोडपणार. तर तसं काहीच नाही. आठही जण टेबलाभोवती बसतात, खातात-पितात आणि प्रत्येक जण आपापला पराक्रम सांगतो. सगळ्या गोष्टी एकेकट्याच्याच. म्हणजे वीरांचं पहिलं संमेलन हे आपल्या महिला मंडळाच्या हळदीकुंकवासारखं निघालं. जमायचं, बोलायचं, खायचं आणि घरी जायचं. त्या सभेत आमची पातेलंवाली बाईही येते. पण भिंत चढताना तिचा कपडा फाटतो आणि बिचारी आल्या पावली निघून जाते. हसायला येतं खरं. पण मी ते पान दोनदा बघितलं. आठ पुरुषांच्या सभेत आलेली पहिली बाई, आणि तिच्या वाट्याला फाटलेला कपडा.

दुसरी बाई आली ती अशी हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. वंडर वुमन. १९४१ च्या अखेरीस याच ‘ऑल स्टार कॉमिक्स’च्या आठव्या अंकात ती पहिल्यांदा छापली गेली. विल्यम मार्स्टन या मानसशास्त्रज्ञानं ती कल्पिली आणि एच. जी. पीटर यांनी तिची चित्रं काढली. मनगटातल्या कड्यांवर बंदुकीच्या गोळ्या झेलणारी ही बाई. तिच्या सोनेरी दोरखंडात सापडलेल्या माणसाला तिचं ऐकावंच लागतं. जस्टिस सोसायटीनं १९४२ साली तिला आत घेतलं आणि पद दिलं चिटणिसाचं! मग बऱ्याच गोष्टींत काय होतं, तर पुरुष मंडळी लढायला निघतात आणि ही मागं राहून सभेचं कामकाज बघते. गोळ्या झेलणाऱ्या हातात त्यांनी वही दिली.

हे मी मुलाला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, “आई, तो काळच तसा होता गं.” बरोबर आहे त्याचं. काळ तसाच असतो नेहमी.

१९५१ साली ‘ऑल स्टार कॉमिक्स’चं नाव आणि रूप बदललं. वीरांच्या जागी घोड्यावरच्या गोष्टी आल्या आणि जस्टिस सोसायटीची सभा बंद पडली. पुढं दहाएक वर्षांनी गार्डनर फॉक्स यांनीच एक गंमत केली. सप्टेंबर १९६१ च्या ‘फ्लॅश’च्या अंकात त्यांनी दोन पृथ्व्या दाखवल्या. एका पृथ्वीवर बॅरी ॲलन नावाचा तरुण फ्लॅश. दुसऱ्या पृथ्वीवर जे गॅरिक नावाचा जुना फ्लॅश. तरुण फ्लॅशनं लहानपणी जुन्याचे पराक्रम कॉमिकमध्येच वाचलेले असतात, आणि एके दिवशी वेगाच्या भरात तो थेट त्याच्या दारात जाऊन उभा राहतो. जुना फ्लॅश तोवर निवृत्त झालाय. लग्न केलंय, बायकोबरोबर संसार चाललाय. अगदी शेजारचे एखादे सर पेन्शनीत निघावेत तसा. पण पोशाख त्यानं टाकून दिलेला नाही. ही गोष्ट मला फार जवळची वाटली. पन्नाशी उलटलेल्या बाईला निवृत्त वीराचं काही वेगळं सांगावं लागत नाही.

माझ्या मते या मालिकेतली सगळ्यात झकास गोष्ट जून १९६३ च्या अंकात आहे. ‘फ्लॅश’चा १३७ वा अंक. लेखक पुन्हा फॉक्स आणि चित्रं कार्माइन इन्फॅन्टिनो यांची. इन्फॅन्टिनो यांना पळणं काढावं तर त्यांनीच. माणूस इथं आणि तिथं दोन्हीकडे दिसतो, मधे नुसत्या लाल रेघा. पान उलटताना आपलाच श्वास लागतो. एका चौकटीत शांतपणे बोलणारी माणसं पुढच्या चौकटीत शहर ओलांडून गेलेली. दोघं फ्लॅश पुन्हा भेटतात, आणि या वेळी समोर जो उभा आहे त्याचं नाव व्हँडल सॅव्हेज.

हा बुवा १९४३ साली ‘ग्रीन लँटर्न’च्या अंकात पहिल्यांदा आला होता. आल्फ्रेड बेस्टर आणि मार्टिन नोडेल यांनी तो निर्माण केला. याचं वय पन्नास हजार वर्षं! हा मूळचा गुहेत राहणारा माणूस. आकाशातून उल्का पडली, तिच्या प्रभावानं त्याला मरणच राहिलं नाही. तेव्हापासून तो जगतोच आहे. इजिप्तचा खुफू मीच होतो, ज्युलियस सीझर मीच, चंगीझ खानही मीच, असं त्याचं म्हणणं. प्रत्येक युगात नवा वेश, नवं नाव, पण काम एकच. सगळं आपल्या मुठीत पाहिजे. १९६३ च्या गोष्टीत जस्टिस सोसायटीचे वेगवेगळे राहणारे जुने सभासद त्याच्या कैदेत पडलेत. ग्रीन लँटर्न आहे, हॉकमन आहे. दोघं फ्लॅश धावपळ करून त्यांना सोडवतात, सॅव्हेज हरतो आणि सुटलेली ती जुनी मंडळी म्हणतात, आता पुन्हा भेटत राहायचं.

मी वाचून पुस्तक मिटलं आणि विचार करत बसले. या माणसाला पन्नास हजार वर्षं मिळाली. मला एवढा वेळ मिळाला असता तर मी काय काय केलं असतं! निदान कानडी तरी व्याकरणशुद्ध शिकले असते. याला मिळाली आणि हा एक अक्षरही शिकला नाही. गुहेत असताना दुसऱ्याच्या हातातलं हिसकावून घ्यायचा, सीझर झाल्यावरही तेच, विसाव्या शतकातही तेच. उल्केनं त्याचं मरण काढून घेतलं, त्याबरोबर त्याचं बदलणंही काढून घेतलं.

आणि त्याच्याशी लढणारे बघा. सगळे बदललेले. कुणी संसारात पडलाय, कुणाच्या कानशिलावर पिकलंय, कुणी धंद्याला लागलाय. जे एकेकट्याच्या गोष्टी सांगायला टेबलाभोवती बसले होते, त्यांना आता एकमेकांची गरज पडते. लिहिणारासुद्धा बदलला. ज्या फॉक्स यांनी १९४२ साली वंडर वुमनला चिटणीस करून बसवलं, त्यांनीच १९६० साली ‘जस्टिस लीग’ नावाची नवी संघटना लिहिली, तेव्हा ती पहिल्या दिवसापासून बरोबरीची सभासद होती आणि लढायला बाहेर पडत होती. अठरा वर्षं लागली. पण पन्नास हजारांपुढं अठरा म्हणजे काय!

इथं मला आमचा जुना वेताळही आठवला. त्याच्याबद्दलही जंगलातले लोक म्हणायचे की तो चारशे वर्षं जगतोय, त्याला मरण नाही. पण वाचणाऱ्याला खरं माहीत असायचं. ली फाल्क यांनी १९३६ साली हा वेताळ आणला तो पिढ्यांचा वेताळ आहे. बाप गेला की मुलगा तोच मुखवटा घालतो. आम्ही वाचायचो तो एकविसावा. सॅव्हेजचं अमरपण म्हणजे काही सोडायचं नाही, आणि वेताळाचं अमरपण म्हणजे वेळेवर पुढच्याच्या हाती द्यायचं. दोन्ही बाहेरून सारखीच दिसतात.

पण वेताळाच्या घरातही एक कोपरा आहेच. सतराव्या वेताळाला जुळी बहीण होती, ज्युली नावाची. भाऊ जखमी होऊन पडला तेव्हा तिनं त्याचा पोशाख घातला, मुखवटा चढवला आणि त्याचं काम केलं. भाऊ बरा झाल्यावर पोशाख परत त्याच्याकडे. वारस म्हणून मोजताना पुन्हा बाप आणि मुलगा, बाप आणि मुलगा. अडीनडीला बहीण चालते, यादीत मात्र ती येत नाही.

तुम्ही म्हणाल, एवढ्या वयाच्या बाईनं पोरांच्या कॉमिकमधून एवढं काय काढायचं. सांगते. मी हे सगळं वाचत होते त्याच वर्षी आमचे वडील गेले होते.

आमचं माहेर चिकोडी तालुक्यातलं. गावात राहतं घर आणि चार एकर ऊस. आम्ही चौघी बहिणी आणि एक भाऊ. वडिलांना जाऊन सहा महिने झाले असतील, तोवर आमच्या एका चुलत्यांचा फोन आला. “तलाठ्याकडं वारसा लावायचाय. तुम्ही बहिणींनी हक्कसोड पत्रावर सही करून द्यायची. आपल्यात असंच चालत आलंय. बाकीच्या काही म्हणत नाहीत, तू लवकर येऊन जा.” मी “बघते” म्हणून फोन ठेवला. संध्याकाळी अक्काचा सांगलीहून फोन. तिलाही तोच निरोप, शब्दाला शब्द. बाकीच्या काही म्हणत नाहीत! निपाणीच्या माईला तोच. हुबळीच्या धाकटीला तोच. चौघींना चार वेळा तेच वाक्य, आणि चौघींनाही सांगितलेलं की बाकीच्या तयार आहेत.

त्या रात्री मला व्हँडल सॅव्हेज दिसला. चुलते नव्हेत हो! त्या बिचाऱ्यांनी आम्हाला लहानपणी खांद्यावर घेऊन महामस्तकाभिषेक दाखवलाय. भाऊही नव्हे, त्यानं तर तोवर आम्हाला एक शब्द विचारला नव्हता. दिसलं ते वाक्य. “असंच चालत आलंय.” ते आमच्या चुलत्यांच्याही आधीचं आहे. आज्जीला सांगितलं गेलं, तिच्या आईला सांगितलं गेलं. दर पिढीत त्याचा वेश नवा. कधी ते मायेनं बोलतं, “माहेर तुटेल गं बाई.” कधी हिशेबानं बोलतं, “लग्नात खर्च केला नाही का?” आता स्टॅम्प पेपरवर छापून येतं. आणि त्याची युक्ती तीच, वेगवेगळं राहणाऱ्यांना एकेकटं गाठायचं.

कायदा काय म्हणतो ते आम्हा चौघींतल्या दोघींना माहीत होतं, दोघींना नव्हतं, म्हणून इथंही लिहिते. १९५६ चा हिंदू वारसा कायदा आपल्या जैन समाजालाही लागू आहे. २००५ च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला जन्मापासूनच मुलाइतका हक्क दिला. कर्नाटकानं तशी दुरुस्ती त्याआधीच, १९९४ साली, केली होती. वडील २००५ सालच्या आधी वारले असले तरी मुलीचा हक्क जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० साली स्पष्ट केलं. म्हणजे सही करायची की नाही हा आमचा प्रश्न होता. कुणी बोलावलं म्हणून जाऊन करून येण्याची ती गोष्ट नव्हती.

आम्ही ठरवलं, कुणीही एकटीनं गावाला जायचं नाही. चौघींनी माझ्याकडे बेळगावला जमायचं. जमलो. आईलाही आणलं. चौऱ्याऐंशीची आहे, पण कान खणखणीत. अक्कानं विषय काढला आणि लगेच माझ्याकडे वही सरकवली. “तू बी. ए. झालीयेस, तू लिही कोण काय म्हणतंय ते.” मी म्हटलं, “लिहिते. पण लिहिणारीलाही मत असतं, तेही लिहिणार.” अक्का हसली. तिला वंडर वुमन कुठं माहीत!

आईनं आधी एकच सांगितलं. “भावाशी वैर धरायचं नाही. कमठाची गोष्ट विसरला काय?” ती गोष्ट आम्हाला विसरणं शक्यच नव्हतं. दर मुकुट सप्तमीला आई ती सांगायची. कमठ आणि मरुभूती सख्खे भाऊ. थोरल्या कमठानं धाकट्याचा जीव घेतला. तिथून वैर जे लागलं ते जन्मामागून जन्म चाललं. मरुभूतीचा जीव वर चढत चढत पार्श्वनाथ झाला, तरी हा दगड आणि पाऊस घेऊन हजर. मला नेहमी वाटायचं की सगळ्यात जुना खलनायक हाच. पण आईची गोष्ट तिथं संपत नसे. धरणेंद्र आणि पद्मावती येऊन भगवंतांवर छत्र धरतात, भगवंत जागचे हलत नाहीत, रागावतही नाहीत, आणि शेवटी त्या कमठाच्या जीवाचंही वैर गळून पडतं, तो शांत होतो. सॅव्हेजला जे पन्नास हजार वर्षांत जमलं नाही ते त्याला जमतं. आईचं म्हणणं एवढंच होतं की आपल्या घरात वैराचा पहिला जन्म होऊ द्यायचा नाही.

मग बोलणी झाली. अक्का म्हणाली, “मला काही नको. मुलं मिळवती आहेत. पण मी सोडेन ते माझ्या मनानं. कुणी काढून घेतलेलं वेगळं आणि मी दिलेलं वेगळं.” माई म्हणाली, “दादा राबतोय शेतात, त्याच्या घामाचं त्याला मिळालं पाहिजे.” धाकटी बराच वेळ बोलेना. तिच्या मिस्टरांचं दुकान दोन वर्षांपासून बंद पडलेलं, हे आम्हाला माहीत होतं. पण मुलाच्या कॉलेजची फी भरायला तिनं पाटल्या मोडल्या, हे तिनं त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं. “मला गरज आहे,” म्हणाली, “पण मी एकटीनं मागितलं असतं तर मीच वाईट ठरले असते.” मी ते जसंच्या तसं लिहिलं. माझं मत असं की उताऱ्यावर आई धरून सहाही नावं लागावीत, आई आहे तोवर घर आईचं, शेत दादानंच करावं, आणि पुढं जिला आपला वाटा सोडायचा असेल तिनं तिच्या वेळी, तिच्या मनानं सोडावा. धाकटीचा वाटा तिला कसा मिळेल हे दादाशी बसून ठरवावं. तेही लिहिलं. चौघींनी खाली सह्या केल्या. आईनं मोडीसारख्या वळणाच्या तिच्या अक्षरात सही केली.

ते घेऊन आम्ही पाचजणी गावाला गेलो. दादानं वाचलं. बराच वेळ गप्प बसला. म्हणाला, “मला आधी कुणी बोलला नाहीत.” माई म्हणाली, “तू तरी कुठं बोललास? काकांनी फोन केला.” तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून वैनी बोलली. चहाचा ट्रे हातात तसाच. “माझ्या माहेरी तीन वर्षांपूर्वी मी सही करून आले. वाचूनही दाखवलं नाही कुणी. जाताना साडी दिली आणि बसस्टँडवर सोडलं.” इतक्या वर्षांत वैनीनं आमच्यासमोर तिच्या माहेरची तक्रार कधी केली नव्हती. दादानं तिच्याकडे बघितलं. मला वाटतं, त्यालाही ते तेव्हाच कळलं. अक्का उठली, तिच्या हातातला ट्रे घेतला आणि तिला आमच्यात बसवलं.

सगळं गोड झालं असं मी म्हणणार नाही. दादा चार महिने फोनवर कामापुरतंच बोलत होता. चुलते अजूनही माझ्याशी सरळ बोलत नाहीत. बस्तीत भेटले की आईची चौकशी करतात आणि पुढं जातात. पण उताऱ्यावर सहा नावं लागली. ऊस गेल्यावर धाकटीच्या वाट्याची रक्कम दादानं स्वतः हुबळीला नेऊन दिली, आणि येताना तिच्या मुलाला म्हणे सायकलही घेऊन दिली. वैनी आपल्या भावाला काय बोलली ते तिनं सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. तो तिचा अंक आहे.

कॉमिकमधल्या मारामाऱ्या मी अजूनही भरभर उलटते. ढिश्श आणि धडाम् यात माझा जीव रमत नाही. मला आवडतात ती सभेची पानं, जिथं निरनिराळ्या ठिकाणची, निरनिराळ्या वयाची, निरनिराळ्या ताकदीची माणसं एका टेबलाभोवती येऊन बसतात. जुनाट गोष्टीशी लढायला आपली सगळ्यांत मोठी शक्ती कोणती, याचं उत्तर मला त्या पानांत मिळतं. ती कुणाच्या अंगठीत नसते, पंखातही नसते. बाकीच्या काय म्हणताहेत हे एकमेकींना विचारलं की निम्मं काम होतं. “बाकीच्या काही म्हणत नाहीत” हे वाक्य तिथंच खोटं पडतं.

१९६३ च्या त्या गोष्टीनंतर जुनी जस्टिस सोसायटी आणि नवी जस्टिस लीग दर वर्षी एकदा भेटू लागल्या. त्याच वर्षीच्या ऑगस्टच्या अंकापासून १९८५ पर्यंत हा रिवाज चालला. प्रत्येक भेटीत दोन्ही पृथ्व्यांवरच्या मंडळींनी एकमेकांची विचारपूस करायची आणि समोर येईल त्याच्याशी मिळून लढायचं. हे मला फार पटलं. संकट आल्यावर जमायचं म्हटलं तर संकटच कुणाला आधी गाठायचं ते ठरवतं. संकट नसतानाही जमायचं असलं की कुणी एकटी सापडत नाही.

म्हणून आम्हीही वर्षातून एकदा जमायचं ठरवलंय, दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी. कधी सांगलीला, कधी निपाणीला, कधी हुबळीला, आणि वैनीच्या आग्रहावरून एकदा गावच्या घरीही. आई म्हणते, मला न्यायला गाडी पाठवा म्हणजे झालं. वही तीच आहे, जाड पुठ्ठ्याची, माझ्या अक्षरात पंधरा-वीस पानं भरलेली. पहिल्या वर्षी मी लिहिलं, दुसऱ्या वर्षी माईनं. यंदा लिहायची पाळी धाकटीची आहे.